लुंबिनीला जाताना काय काय बांधलं

आमच्या महिला मंडळातल्या दोघी कुठेही भेटू द्या, लग्नात, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत, तिसऱ्या वाक्याला नेपाळ निघतंच! एकीने सुरुवात केली की दुसरी म्हणते, "थांब वं, तुले नीट आठवत नाही, मी सांगतो." मग पहिलीला दुसराच किस्सा आठवतो. असं करता करता त्या सहलीचे इतके किस्से झाले आहेत की आम्ही जेमतेम आठवडाभरच गेलो होतो, यावर आता आमचाही विश्वास बसत नाही.

परवा माझी भाची लंडनला निघाली. प्रताप नगरला माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आत्या, तू थंडीत फॉरेनला जाऊन आलीस ना? सांग ना, सामान काय काय न्यायचं?"

मी सांगायला बसले. पोरगी हसून हसून लोळली, आणि सामानाचं सांगायचं राहूनच गेलं.

तेच आता तुम्हाला सांगते.

* * *

सत्तर सालानंतरची, आणीबाणीच्या आधीची गोष्ट. उत्तर नागपुरातली आमची वस्ती. विहारात दर रविवारी आम्हा बायांचं मंडळ भरायचं. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण, त्यामुळे मंडळाची सेक्रेटरीही मीच. एका रविवारी गिरजामावशीने जाहीर केलं, "बुद्ध जिथं जन्मले ते लुंबिनी पाहाची हाय. या थंडीतच जाऊ."

गिरजामावशी आमच्यात सगळ्यात मोठी. साठीची बाई, नऊवारी लुगडं, आणि आवाज असा की विहारातला लाऊडस्पीकर बिघडला तरी कार्यक्रम अडत नसे. ती म्हणाली म्हणजे ठरलं. नाताळच्या सुट्टीत निघायचं, नागपूरहून बस करायची, आणि पार नेपाळ गाठायचं.

वस्तीतली पुरुष मंडळी काळजीत पडली. चार जण मीटिंगला आले. "बाया एकट्या परदेशात कश्या जातीन? आमी चौघं सोबत येतो."

"या ना गा," मावशी म्हणाली. "बरं झालं. सामान कोन उचलन हाच त मोठा प्रश्न होता."

त्यानंतर सोबतीचा विषय कोणीच काढला नाही.

पण मावशी गल्लीत सगळ्यांना "फारेनले चालली" असं सांगत सुटली, ते आमच्या किराणा दुकानदाराला काही पटेना. तो म्हणाला, "मावशी, नेपाळ काय फॉरेन हाय का? तिथं पासपोर्टबी लागत नाही."

मावशीने विचारलं, "तिथं राजा हाय का नाही?"

"हाय."

"आपल्याकडे हाय का?"

"आपल्याकडे कुठला राजा, मावशी!"

"मंग! जिथं राजा हाय ते फारेन! दे आता पावशेर गूळ."

* * *

सामानाबद्दल मी शाळेतल्यासारखा नियम केला. एक वळकटी, एक पिशवी. जे स्वतःला उचलता येत नाही ते न्यायचं नाही. निघायच्या आदल्या रविवारी प्रत्येकीने आपलं बांधलेलं सामान घेऊन विहाराला एक चक्कर मारायची. जी मध्ये थांबेल तिने सामान कमी करायचं.

त्या दिवशी अख्खी वस्ती तमाशा पाहायला जमली. बाया निघाल्या रांगेने, डोक्यावर वळकट्या, काखेत पिशव्या. कोणाची दोरी सुटली, कोणाचा तांब्या गडगडत गेला. पण बहुतेक सगळ्या पास झाल्या. गिरजामावशी मात्र जागची हललीच नाही. तिने लोखंडी ट्रंक आणली होती. दोघींनी मिळून उचलायचा प्रयत्न केला, ट्रंक उठेना.

मी म्हटलं, "मावशी, उघडा."

पीठ निघालं, तिखट निघालं, मुगाच्या वड्या निघाल्या, लसणाची चटणी निघाली. हे सगळं मी चालवून घेतलं. पण तळाशी जुन्या फडक्यात बांधलेली एक वीट निघाली! चांगली भाजलेली, लालभडक, सबंध वीट.

"मावशी, ही कशाला?"

"थंडीत तापवाची अन् पायापाशी घेऊन निजाचं. माही माय असंच करे."

"अहो, पण विटा काय तिकडे मिळत नाहीत?"

मावशीने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी मी वर्गातल्या ढ पोरीकडे टाकते.

"फारेनची इट आपल्याले सोसन का वं?"

वीट मी तिथेच काढून विहाराच्या ओट्यावर ठेवली. नियम म्हणजे नियम!

* * *

त्याच दिवशी आमची कमळा पहिल्या नंबराने पास झाली. कमळा इतवारीत धान्याच्या बाजारात गहू निसायला जायची. धडधाकट, हसतमुख, आणि डोक्यात कशाचीही चिंता नाही. तिने सामान म्हणून आणली होती एक कापडी पिशवी. ती बोटात लटकवून, झुलवत झुलवत, गाणं म्हणत तिने विहाराला चक्कर मारली. मी तिचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. "बघा, याला म्हणतात सामान!"

बस नागपूरबाहेर पडली नाही, तोच मागून आवाज आला, "कोनापाशी फनी हाय का वं?"

कंगवा मिळाला. सिवनीला तिला टॉवेल पाहिजे झाला. जबलपूरला शाल. पुढे साबण, पेला, सुईदोरा, तेल. रोज सकाळी कमळा बसमध्ये या सीटवरून त्या सीटवर फिरायची आणि अंगावर एकेक जिन्नस चढवत जायची. एकीची शाल, दुसरीचे मोजे, तिसरीचा मफलर. शेवटी आमच्या शांताबाईचं डोकं फिरलं. शांताबाई रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात आया होती. स्वच्छतेची मोठी भोक्ती, स्वतःचा पेला दुसऱ्याला देताना तिचा जीव खालीवर व्हायचा.

"कमळे, तू घरून काही आनलं का नाही?"

"आनलं ना! मी सोता आली नाही का!"

* * *

आमच्या बसचे ड्रायव्हर होते करीमभाई. पांढरी दाढी, डोक्याला मफलर, बोलणं थोडं. अख्ख्या बसमध्ये पुरुष म्हणाल तर हे एकटेच. पहिल्या दिवशी ते आम्हाला नुसतं "सवारी" म्हणायचे. तिसऱ्या दिवसापर्यंत आम्ही सगळ्या त्यांच्या बहिणी आणि मुली झालो होतो, आणि ते लसणाच्या चटणीशिवाय जेवत नव्हते.

त्यांच्या मागच्याच सीटवर लीला बसायची. नवी सून. लग्नाला वर्ष झालेलं, आणि सासूने कशीबशी परवानगी दिलेली. इतकी हळू बोलायची की तिला पाणी हवंय की खिडकी उघडायची आहे, हे दोनदा विचारावं लागे. आपल्या नागपुरात स्वेटर म्हणजे महिनाभराचा पाहुणा, त्यामुळे तिच्याकडे एकही नव्हता. दसऱ्यापासून ती स्वतःसाठी लाल स्वेटर विणत होती. निघेपर्यंत सगळा झाला, फक्त एक बाही राहिली. ती बसमध्ये विणायला घेतली. आणि जबलपूर सोडल्यावर लाल लोकर संपली!

करीमभाई प्रत्येक गावात बाजाराशी गाडी हळू करायचे. "देख बेटी, यहाँ मिलता है क्या." कुठेच तो लाल रंग मिळेना. थंडी तर दर मुक्कामाला वाढत चाललेली. शेवटी बनारसला तिने कंटाळून हिरवी लोकर घेतली, अर्धी लाल बाही उसवली आणि रात्रभर बसून हिरवी विणली. सारनाथ पाहून आम्ही परत बसमध्ये चढलो, तेव्हा लीलाच्या अंगात स्वेटर होता. एक बाही लालभडक, दुसरी हिरवीगार! पोरीला इतकी लाज वाटत होती की पदर दोन्ही हातांवर ओढून बसली होती.

करीमभाईंनी आरशातून पाहिलं. गाडी सुरू केलीच नाही. मागे वळून म्हणाले, "ये तो बहुत बढ़िया हुआ! रोज झगड़ा होता है, कोई बोलती है रोको, कोई बोलती है चलो, मेरे को कुछ समझता नहीं. आज से लाल हाथ उठा तो गाड़ी खड़ी, हरा हाथ उठा तो चालू. और किसी की नहीं सुनूँगा."

आणि खरंच ऐकलं नाही! गिरजामावशीने मागून कितीही हाका मारल्या, तरी लीलाचा लाल हात वर झाल्याशिवाय बस थांबत नसे. दुसऱ्याच दिवशी लीला उभी राहून बाया मोजायला लागली. आणि गोरखपूरच्या वाटेवर तिचा आवाज आला, पार शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा:

"बसा वं सगळ्या! तुमच्यापायी मी हिरवा हात किती टाइम धरून ठेवू?"

* * *

गोरखपूरला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. धर्मशाळेची खोली मोठी, खिडकीला काच नाही, फरशी बर्फासारखी. आपल्याकडची थंडी सकाळी येते आणि दहा वाजता उन्हात निघून जाते. तिथली थंडी मात्र जायचं नावच घेईना. सगळ्यांनी जवळचं सगळं अंगावर घातलं, सगळ्या वळकट्या एकाला एक लावून पसरल्या, तरी पाय काही गरम होईनात. सगळ्या बाया पाय पोटाशी घेऊन बसलेल्या. अंगणात धर्मशाळेवाल्याची शेगडी पेटलेली होती. नुसती निखाऱ्यांनी भरलेली!

सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती. मी मुद्दाम मावशीकडे पाहिलं नाही.

शेवटी मावशी घोंगडीतून नुसतं तोंड बाहेर काढून म्हणाली,

"मास्तरीनबाई, तुमचा नियम आनला ना संगं? काढा आता, तापवा, अन् द्या एकेकीच्या पायापाशी."

* * *

नेपाळची हद्द सोनौलीला. तिथे धुकं इतकं की हद्द कुठली आणि रस्ता कुठला ते दिसत नव्हतं. तिथे कळलं की आमच्या बसला पलीकडे जायचा परवानाच काढलेला नाही. बस ठरवून देणाऱ्याने "सब हो जाएगा" म्हटलं होतं, आणि काहीच झालं नव्हतं. बस अडली.

बाया रडकुंडीला आल्या. इतक्या दूर येऊन लुंबिनी न पाहता परत? लीलाने कोणी सांगितलं नसताना लाल हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. करीमभाईंनी चौकीवर जाऊन खूप हातापाया पडून पाहिलं. परत आले ते मान खाली घालून. म्हणाले, "आप लोग पैदल पार करो. उधर से दूसरी बस मिलती है. मैं यहीं गाड़ी में रुकता हूँ. जब तक आप नहीं आते, गाड़ी हिलेगी नहीं."

मग सगळं सामान खाली उतरलं. आणि आधी तपासणी.

पलीकडचा साहेब चांगला होता, थंडीने गारठलेला. त्याने एकेक पिशवी उघडायला लावली. शांताबाईची पिशवी उघडली. दवाखान्यात कामाला असल्यामुळे तिने सगळ्यांची काळजी घेऊन सामान बांधलं होतं. कापूस, पट्ट्या, थर्मामीटर, आणि म्हाताऱ्या बायांना थंडीच्या रात्री बाहेर जायला नको म्हणून एक नवाकोरा, पांढराशुभ्र, इनॅमलचा बेडपॅन!

साहेबाने तो बाहेर काढला. फिरवून पाहिला. बोटाने वाजवला. "बर्तन नया है?"

गिरजामावशी पुढे झाली. "हाँ साहेब, एकदम नया."

"बेचने के लिए तो नहीं ले जा रहे?"

"नहीं नहीं. घर का हाय."

साहेबाची खात्री झाली. त्याने तो टेबलावर ठेवला. पुढच्या पिशव्या तपासायच्या म्हणून डोक्यावरची टोपी काढली आणि त्यात ठेवली. हातमोजे काढले, तेही ठेवले. थोड्या वेळाने कोणीतरी त्याला शेंगदाणे आणून दिले. ते पण त्यातच!

आम्ही सगळ्या रांगेत उभ्या. एकमेकींच्या तोंडाकडे पाहायची सोय नव्हती. एकीने जरी हसू सोडलं असतं तरी सगळं संपलं असतं. साहेब आपला एकेक शेंगदाणा तोंडात टाकतोय आणि पिशव्या पाहतोय. शेवटी त्याने भांडं रिकामं करून शांताबाईच्या हातात आदराने परत दिलं.

हद्द ओलांडून चांगलं लांब गेल्यावर आम्ही रस्त्यातच बसलो आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. शांताबाई एकटी गंभीर.

"हसू नका वं," ती म्हणाली. "कोराच होता. पन आता म्या तो वापराचा कसा? त्याच्यात मानूस जेवला ना!"

* * *

त्या पायी चालण्यात माझा नियम कोणाच्या कामी आला आणि कोणाच्या नाही, ते सगळं उघडं पडलं. विहाराभोवतीची चक्कर वेगळी आणि धुक्यात, चिखलात, गर्दीत सामान डोक्यावर घेऊन परक्या मुलखात चालणं वेगळं. पन्नास पावलांवर बाया धापा टाकायला लागल्या. वाटेत खाऊन खाऊन ट्रंक निम्मी झाली होती, तरी गिरजामावशीने ती खाली ठेवली आणि तिच्यावरच बसली.

तेवढ्यात कमळा आली. बोटात तीच कापडी पिशवी. तिने पिशवी मावशीच्या हातात दिली, पदराची चुंबळ केली, आणि "लाव हात" म्हणून ट्रंक डोक्यावर घेतली. एका काखेत शांताबाईची वळकटी घेतली, दुसऱ्या हातात लीलाची पिशवी. आणि निघाली ताठ, गव्हाचं पोतं नेल्यासारखी. पलीकडच्या बसपाशी ठेवून परत आली, दुसरी खेप नेली. मग तिसरी. ज्या ज्या बायांनी तिला शाल, मोजे, फणी दिली होती, त्या सगळ्यांचं सामान तिने पोचवलं.

बसमध्ये बसल्यावर मावशीने जाहीर केलं, "पुढच्या खेपेले सगळ्याइनं कमळीसारखं रिकाम्या हातानं याचं!"

कमळा एकदम घाबरली.

"असं नोको करू वं मावशी! मंग म्या मांगू कोनाले?"

* * *

नेपाळातलं घड्याळ तेव्हा आपल्याहून दहा मिनिटं पुढे असायचं, आता पंधरा असतं. हे मला शाळेतल्या भूगोलामुळे माहीत होतं. पलीकडची बस सुटल्याबरोबर मी सगळ्यांना सांगितलं. घड्याळ आमच्यात तिघींकडेच होतं. दोघींनी काटे फिरवले. गिरजामावशीच्या मनगटावर मुलाचं जुनं घड्याळ होतं, ते ती काही केल्या बदलेना.

"मावशी, दहा मिनिटं पुढे करा."

"दहा मिनटासाठी कोन घडी बदलवते?"

"अहो, इथला टाइम तो आहे."

"इथल्याइले राहू दे इथला टाइम. मले माह्या घरचा टाइम पाहिजे. नातू आता शिकवनीहून आला असन." तिने घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. "नाही, अजून नाही आला. दहा मिनटं हायेत."

दहा मिनिटं ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "आला."

त्यानंतर लुंबिनीत मला घरची आठवण आली की मी स्वतःच मावशीला विचारायची, "किती वाजले, मावशी? नागपुरात?"

* * *

लुंबिनीत तेव्हा आजच्यासारखं काही नव्हतं. शेतं, झाडं, धुकं, अशोकाचा दगडी खांब, मायादेवीचं लहानसं मंदिर, दोन विहार आणि उतरायला एक धर्मशाळा. आणि थंडी! शाली, स्वेटर, मोजे, कशालाच दाद देत नव्हती.

इथे शांताबाईने दवाखान्यातली युक्ती काढली. तिने वळकटी बांधताना आत वर्तमानपत्रं घातली होती. ती तिने सगळ्यांना वाटली. "ब्लाऊजवरून गुंडाळा, वरतून स्वेटर घाला. हवा अंदर येत नाही." आम्ही गुंडाळली. आणि काय सांगू, खरंच ऊब आली! हलकी वस्तू, जागा खात नाही. भाचीला मी बाकी काही सांगितलं नाही, तरी हे मात्र बजावून सांगितलं.

संध्याकाळी विहारात वंदनेला बसलो. आत समई तेवत होती. तिथले भन्ते, म्हणजे भिक्खू, नेपाळी, वयस्कर, चेहरा शांत. इतकी शांतता की बाहेर झाडावरून दव पडल्याचा आवाज यावा. "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणून झालं. मग प्रणामासाठी सगळ्या बाया एकदम वाकल्या.

खर्रर्र!

जशी अख्खी रद्दी कोणी चुरगाळली. सगळ्या तशाच थबकल्या. उठावं तर आवाज, वाकावं तर आवाज. हळूच उठलो. खर्रर्र! प्रणाम तीन वेळा करायचा असतो. दुसऱ्या वेळेला लीलाचे खांदे हलायला लागले, तिसऱ्या वेळेला माझे.

भन्तेंनी डोळे उघडले नाहीत. वंदना पूर्ण केली. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "उपासिका, कौन सा अख़बार है?"

लीलाच म्हणाली, "नागपूरचा आहे, भन्ते."

"ताज़ा है?"

"नाही जी. निघालो त्या दिवशीचा."

"कोई बात नहीं. यहाँ तो वह भी नहीं आता." भन्ते हसले. "ठंड कम हो जाए तो पढ़ने के लिए दे देना."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी भन्ते स्वतः आम्हाला मायादेवीच्या मंदिरात घेऊन गेले. बाहेर अजून धुकंच होतं. आत लहानशी जागा, आणि भिंतीशी जुनं दगडी शिल्प. मायादेवी उभी आहे, उजवा हात वर करून तिने झाडाची फांदी धरली आहे. बाजूला बाया आहेत. आणि खाली पायापाशी लहान बाळ. शेकडो वर्षं झाली, चेहरे पार झिजून गेलेले. कोण हसतंय, कोण रडतंय, ओळखू येत नाही.

आम्ही मेणबत्त्या लावल्या, फुलं वाहिली. काही बायांना रडू आलं. भन्ते सांगत होते की मायादेवी दिवस भरत आल्यावर माहेरी निघाली होती, देवदहला. वाटेत इथे विसाव्याला थांबली आणि इथेच तिला कळा सुरू झाल्या. झाडाची फांदी धरून ती उभ्यानेच बाळंत झाली.

गिरजामावशी एकटी हात जोडून उभी नव्हती. ती पुढे जाऊन अगदी जवळून शिल्प पाहत होती. तुम्हाला तिचं काम काय ते सांगायचं राहिलं. मावशी सुईण होती. आमच्या वस्तीतली निम्मी पोरं तिच्या हातची. माझी दोन्ही तिच्याच हातची.

"माहेरी चालली होती?" तिने विचारलं.

"हाँ. मायके."

"अन् सोबत कोन होतं?"

"बहन थी. दासियाँ थीं."

"तसं नाही, भन्ते. सुईन होती का?"

भन्तेंनी थोडा विचार केला. "यह ग्रंथ में नहीं लिखा है."

"लेकराचं काही बांधून घेतलं होतं का हिनं? फडकी, दुपटं?"

"वह भी नहीं लिखा, माँजी."

मावशी त्या बाळाकडेच पाहत राहिली. मला वाटलं, तिची समजूत घालावी. मी म्हटलं, "मावशी, तेव्हा वैशाख होता. थंडी नव्हती."

तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "वैशाख असो का पूस असो. पोर ओलं येते, बाई. ओल्याले थंडी वाजतेच."

थंडीसाठी तिने कानाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला होता. धुऊन धुऊन मऊ झालेला. तो तिने सोडला. झटकला. दोन्ही हात एकमेकांवर घासले, गरम होईपर्यंत घासले, तोंडाजवळ नेऊन त्यांत फुंकर घातली. मग खाली बसली. तो कपडा तिने त्या दगडाच्या बाळाला पाठीमागून घेऊन गुंडाळला, एक टोक खालून वर घेतलं, दुसरं छातीवरून नेऊन घट्ट खोचलं. डोक्यावरून हात फिरवला. आम्ही सगळ्या उभ्या होतो. भन्तेही उभे होते, कोणी तिला अडवलं नाही.

गुडघ्यावर हात टेकून मावशी उठली. मायादेवीच्या झिजलेल्या चेहऱ्याजवळ तोंड नेलं, आणि तिचा तो एवढा मोठा आवाज कधी नव्हे इतका लहान करून म्हणाली,

"पोर चांगलं हाय वं माय. सोड आता ते फांदी. जराशी नीज."